गुळगुळीत

२ मार्च
आले बाई एकदाची! वहिनीने बॅग उचलून मला थेट तिसऱ्या मजल्यावर आणून सोडलं. नव्या औषधाच्या चाचणीसाठी या खोलीत आम्ही दोघीच: मी आणि खिडकीशी एक निवृत्त टायपिस्ट काकू, माझ्या दोन आठवडे आधी आलेल्या. सोरायसिसने माझी सोळा वर्षं खाल्ली. बसमध्ये कंडक्टर आहे मी. लोक माझ्या हातचं तिकीट टोकाला चिमटीत धरून घेतात. सीटवर खवले सांडू नयेत म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या. डॉक्टरांनी छान समजावलं. कातडीच्या पेशी महिन्याभराने गळायच्या, त्या माझ्या चार दिवसांतच धावत सुटतात. आतली सूज त्यांना पिटाळते. हे औषध सूज शमवतं. दर आठवड्याला एक, अशी सहा इंजेक्शनं, आणि तोवर बाहेर पडायचं नाही. म्हटलं, सोळा वर्षं काढली, तिथे सहा आठवड्यांचं काय!

१० मार्च
दुसरं इंजेक्शन झालं. खाज गेली! चादर झटकली तर एक खवला नाही. काकू छान गप्पिष्ट आहेत, पण हातमोजे कधी काढत नाहीत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरतात.

१९ मार्च
कोपरं अगदी गुळगुळीत. फोनवर लेकीला दाखवली, तर म्हणाली, आई, तू नवी आणलीस का गं? हसता हसता रडूच आलं. काल कागदाने बोट चिरलं होतं, ते तासाभरात मिटलं. व्रणसुद्धा नाही. डॉक्टर भलतेच खूश.

२४ मार्च
काकूंनी आज हातमोजा काढला. मधली तीन बोटं एक झालीत, मधे रेघही नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही का, असं मी विचारलं. म्हणाल्या, सांगितलं गं, डॉक्टर म्हणतात पेशी आता शहाण्या झाल्यात, कातडीला कातडी लागली की जुळवून घेतात.
सहावं इंजेक्शन घेतल्यावर त्यांना दुसरीकडे हलवलं. चष्मा इथेच राहिला. द्यायला धावले तर सिस्टर म्हणाल्या, राहू दे, त्यांना आता लागणार नाही.

२८ मार्च
घरी जाते म्हटलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, मधेच थांबलात तर सूज उसळेल, आणि संमतीपत्रावर सही तुमचीच आहे. माझा फोन ठेवून घेतला. दाराला आतून उघडायला मूठच नाही. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

१ एप्रिल
कालचं पाचवं चौघांनी धरून दिलं. पायाची बोटं जुळली. हाताच्या बोटांत कापूस कोंबून बसते. झोपायचं नाही.

४ एप्रिल
दुपारी डुलकी लागली. उठले तर ओठ — उजवीकडून अर्ध्यापर्यंत. दूध नळीने.

६ एप्रिल
तोंड पूर्ण मिटलं. डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? मी नाकातून ओरडले — हात आपटले — त्यांनी कागदावर लिहिलं, तक्रार नाही. मान डोलावून गेले. कातडीवरून हात फिरवून, सुरेख म्हणाले.

७ एप्रिल
डावा डोळा मिटला. उजव्याची पापणी बोटाने ताणून धरलीय — बोटच चिकटतंय — या पानावर मोठ्ठं लिहून त्यांच्यासमोर धरणार — ट्रॉली आली दाराशी —
सुई नको
मला बाहे