एप्रिलमध्ये या

स्लावोनित्से, १२ नोव्हेंबर

आदरणीय लिबुशे वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावत असाल, असं धरून चालते. लावत नसाल हे मला माहीत आहे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र.

मी बरी आहे. पाठीवर एव्जेनची जुनी सॅक आहे, पायांत माझेच बूट. तेल्चहून दाचित्से, दाचित्सेहून इथे. पाऊस पडत नाही, पण हवा ओलीच असते. चौकात माझ्याशिवाय एक कुत्रा आहे. दुकानं बंद, संग्रहालय बंद, चर्चचा मनोरा बंद. बेकरी मात्र उघडी असते, आणि तिथली बाई रोज विचारते, "अजून इथेच का?" मी हो म्हणते, ती पाव देते. माझं दिवसभराचं बोलणं बहुतेक तेवढंच.

"नवरा वृद्धाश्रमात आणि बाईसाहेब सॅक लावून भटकायला!" असं तुम्ही आपल्या इरेनाला म्हणालात. तिने लगेच मला कळवलं, ती काय पोटात ठेवते. वन्सं, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. पण आमची सुट्टी कायम नोव्हेंबरातच असायची, हे तुम्हालाही ठाऊक आहे. एव्जेन लोकांना गढी फिरवून दाखवायचा, मी खिडकीत बसून तिकिटं फाडायची; ऑक्टोबर संपला की दरवाजा बंद, आणि मग आम्ही दोघं मोकळे. आम्हाला ही गावं कधी उघडी दिसलीच नाहीत. यंदा एकटी आले, एवढाच फरक.

आश्रमाने त्याला दोन आठवडे ठेवून घेतलं ते मला विसावा मिळावा म्हणून. आता तिथे एक कायमची खाट रिकामी झाली आहे. घ्यायची की नाही, हे मी शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे, नाहीतर ती दुसऱ्या कोणाला जाईल. तुम्ही नाही म्हणता. मी काहीच म्हटलेलं नव्हतं. दाचित्सेच्या वाटेवर ठरवीन म्हटलं, पण तिथे नुसती चालत राहिले.

इथे खोली घेताना गंमत झाली. फोनवर मी सवयीने "दोघं" म्हणून गेले. मालकीणबाई, हेदविका तिचं नाव, हंगाम नसताना दोन गिऱ्हाइकं म्हणून खूश. काल संत मार्टिनचा सण होता, तर तिने हंस भाजला, लाल कोबी केला, क्नेदलीकचे पिठाचे गोळे उकडले आणि दोन ताटं मांडली. मी एकटीच खाली उतरले.

"दुसरे कुठे आहेत?"

"ते येत नाहीत."

"येत नाहीत म्हणजे? वारले?"

"नाही."

"मग पळाले? संकोच नका करू, माझा पण पळाला. ब्र्नोच्या एका बाईबरोबर. जाताना चांगली कढई पण घेऊन गेला."

"तो नाही पळाला," मी म्हटलं. "मी पळालेय."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या वयात? अन् एकट्या? अहो, मग बसा की! पळालेल्या माणसाला भूक लागते." आणि दुसरं ताट ओढून ती स्वतःच समोर बसली. हंस चांगला झाला असावा. मला चव लागली नाही, पण ताट मी साफ केलं.

मला सध्या असंच होतं. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं. गाल आपलाच आहे हे कळतं, पण चावला तरी दुखत नाही.

वन्सं, मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की मी दमले आहे. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. महिन्याच्या पहिल्या दिवशी मी कचरा टाकायला खाली गेले. परत आले तर दाराला आतून साखळी. फटीत एव्जेन उभा, कोट घातलेला, केस विंचरलेले. इतका रुबाबदार मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. "माफ करा, हंगाम संपला."

"एव्जेन, मी आहे. द्राहा."

"हो का? फार छान. पण नियम सगळ्यांना सारखाच. एप्रिलमध्ये या." आणि त्याने हळूच दार लावून घेतलं. तुमचा भाऊ कोणाच्या तोंडावर दार आपटणारा नाही.

आत दूध करपत होतं, त्याचा वास जिन्यात येत होता. शेजारच्या कुबात्तांनी कुलूपवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत मी पायरीवर बसून होते, अंगात घरातला झगा. त्या वेळी मला काय वाटलं, ते कोणालाच सांगितलेलं नाही. आत त्याला काही होईल, आग लागेल, असं नाही वाटलं. मला वाटलं: एप्रिल! म्हणजे पाच महिने सुट्टी. मला आनंद झाला, वन्सं. वर्षभरात मला एवढं एकच काहीतरी वाटलं, आणि ते हे.

आज सकाळी हेदविकाच्या स्वयंपाकघरातून आश्रमात फोन केला. परिचारिका हसत होती. रोज जेवणं झाली की तो कोट चढवतो आणि सगळ्यांना घेऊन मधल्या पडवीतून फिरतो. हे जेवणघर, ही सरदारांची खोली, कृपया कशाला हात लावू नका. म्हातारी मंडळी मागे चाकांच्या खुर्च्या ढकलत जातात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. मी विचारलं, माझी आठवण काढतो का? ती म्हणाली, "खरं सांगू? नाही."

मी दुखायची वाट पाहिली. दुखलं नाही. घरी त्याच्यापाशी ऐकायला एकटी मीच होते, आणि मीसुद्धा ऐकायचं सोडलं होतं. मी तिला सांगितलं, आम्ही खाट घेतो.

शुक्रवारी सही करायला जाते आहे. हे असं झालं तर माझा उंबरा चढणार नाही, असं तुम्ही म्हणाला आहात. नका चढू. पण रविवारी दुपारी त्याच्याकडे जा. इतकी वर्षं गढीत त्याची फेरी एकदाही पाहायला आला नाहीत तुम्ही. तो दर रविवारी गर्दीत तुम्हाला शोधायचा. आता शोधणार नाही. नाव सांगू नका, मी तुझी बहीण म्हणू नका. नुसत्या लोकांत उभ्या राहा आणि तो बोलेल ते ऐका.

मीही असेन, सगळ्यांच्या मागे. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची भावजय,
द्राहोमीरा