आईच्या शंभरीला पाठवलेली गाडी

प्रिय देमिंग,

तुझी गाडी पोचली. ड्रायव्हर फानला अंगणात बसवून वाडगाभर नूडल्स दिल्या आहेत. तो दर दोन घासांनी दाराशी येऊन विचारतो, "काकू, आजी तयार झाल्या का? संध्याकाळी त्यांना स्टेजवर न्यायचंय. उशीर झाला तर साहेब माझी चामडी सोलतील." मी म्हणते, "आधी खाऊन घे बाबा. तिची तयारी कधीच झाली आहे." त्याचं खाणं होईस्तोवर माझं पत्र होईल. हे तुझ्याच हातात द्यायचं, मधल्या कुणाकडे नाही, असं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आहे.

'प्रिय' लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून केली. तू मला सोडलंस तेव्हा घराची वाटणी झाली, मधमाश्यांच्या पेट्यांची झाली, अगदी मालवाहू रिक्षाचीसुद्धा झाली. आईचं नाव त्यात कुणी काढलंच नाही. तू हांगझोऊला नव्या बायकोकडे गेलास आणि ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती तिथेच बसून राहिली. मी विचारलं, "आई, तुम्ही काय करणार?" तर म्हणाली, "काय करणार म्हणजे? आज बांबूचे कोंब आणलेस ना, ते कर." झालं. नवरा गेला आणि सासू मला उरली. या सौद्यात मी फसले असं मला एक दिवसही वाटलं नाही.

तुला मात्र तिची आठवण झाली ती कंपनी काढल्यावर. राणीमाशीचं दूध, तुझ्या भाषेत रॉयल जेली, विकायचं तर डब्यावर एखादी म्हातारी हवी होती, आणि आईची कातडी त्या वयातही तुकतुकीत. पहिल्यांदा तू कॅमेरेवाले घेऊन आलास तेव्हा ती किती हरखली होती. तुझ्यासाठी मासा वाफवून ठेवला होता तिने. तुला वेळ नव्हता. तिला नवा कोट चढवलास, हातात चमचा दिलास आणि म्हणालास, "आई, गिळ आणि हस." ती तोंडातच धरून गिळल्यासारखं करत हसली, चांगली चार-पाच वेळा, उजेड नीट पडेपर्यंत. नंतर मागच्या दारी जाऊन सगळं रुमालात थुंकली. तिला ती आंबट, जीभ चरचरवणारी चव कधीच सोसली नाही. जन्मभर तिने ते दूध काढलं, पण आपणहून कधी जिभेला लावलं नाही. मासा आम्ही दोघींनी खाल्ला.

त्या दिवसापासून डब्यावर तिचं वय पळत सुटलं. खऱ्या आयुष्यात ती वर्षाला एका वर्षाने वाढायची, तुझ्या डब्यावर दोन-तीन वर्षांनी. मी तिला चिडवायचे, "आई, तुम्ही स्वतःच्याच पुढे निघालात." ती म्हणायची, "मग त्या डब्यावरचीला म्हणावं, शंभरीला पोचलीस की मला हाक मार."

आणि तुझा तो पांढऱ्या डगल्यातला माणूस आठवतो? आमच्याच अंगणात उभं राहून आम्हालाच शिकवत होता. म्हणे, माशीचं अंडं तेच, घालणारी आई तीच. पण जिला हे दूध शेवटपर्यंत मिळतं ती राणी होते आणि वर्षानुवर्षं जगते, जिचं लवकर तोडतात ती कामकरी होते आणि काही आठवड्यांत मरते. इथवर खरं आहे, त्याला कोण नाही म्हणतं? मग म्हणाला, प्रयोगशाळेत बारक्या किड्यांना या दुधातला अंश दिला तर तेही थोडे जास्त जगले. आई मिश्किलपणे म्हणाली, "मग किड्यांनाच विका की." तू डोळे वटारलेस. तो भाग तू कापून टाकलास हे मला नंतर कळलं. ती पुढे जे बोलली तेही कापलंस. ती म्हणाली, "राणी जगत नसते रे, तिला जगवतात. अंडी घालते तोवर सगळ्या तिला भरवतात. ती थकली की त्याच माश्या तिला घेरून मारतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तुझ्या साहेबांना विचार त्यांनी पेटी कधी उघडलीय."

ती कशावर जगली ते मी सांगते. सकाळी तांदळाची पेज आणि खारवलेला मुळा. दुपारी माझ्याशी भांडण. डोळे अधू झाले तरी ती माझ्याशेजारी बसायची. मी सुईने माश्यांच्या अळ्या उचलून, माश्यांनी दूध भरावं म्हणून, इवल्या वाट्यांत ठेवायचे आणि ती माश्यांच्या आवाजावरून पेटीचा राग-लोभ सांगायची. आणि दर संध्याकाळी न चुकता एक प्रश्न: "त्याचा फोन आला का?"

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला लागला तो हटेना. मी तुला फोन केला, तो तुझ्या सेक्रेटरीने घेतला. म्हणाली, "सर प्रदर्शनात आहेत, निरोप देते." मी म्हटलं, "एवढंच सांग, आईला त्याच्याबरोबर एकदा जेवायचंय. कॅमेऱ्याशिवाय." चार दिवसांनी तुझ्याकडून खोकं आलं. आत रॉयल जेलीचे डबे, प्रत्येकावर तीच, चमचा धरून हसणारी. मी खोकं लपवायला गेले पण तिने चाचपून ओळखलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. देमिंग, त्या दुपारी मला तुझा जेवढा राग आला तेवढा तू मला सोडून गेलास तेव्हाही आला नव्हता.

मग शंभरीची निमंत्रणं निघाली. ती चौऱ्याण्णवची हे आख्ख्या गावाला ठाऊक, पण तुला यंदाच शंभरी हवी होती. तारीखही तिच्या जन्माची नाही, व्यापारमेळ्याच्या सोयीची. परवा तुझ्या सेक्रेटरीने विचारलं, "आजींची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "शांत आहे. आता कसलाच त्रास नाही." ती खूश झाली. तिने आणखी एक जरी प्रश्न विचारला असता तरी मी खरं सांगून टाकलं असतं. तू स्वतः विचारलं असतंस तर पहिल्याच रिंगला.

आई गेली, देमिंग. मोहरी फुलली होती तेव्हा, सकाळी, माझ्या मांडीवर. मी फोन हातात घेतला तर म्हणाली, "नको बोलावू. तो एकटा येणार नाही." तिला मेल्यावरही चमचा धरावा लागेल याची धास्ती होती. मुलाने घालायचा सुतकाचा तागाचा अंगरखा मी घातला, पुढे मी चालले, डोंगरावर तुझ्या बाबांच्या शेजारी तिला ठेवलं. गावाने तुला कळवलं नाही, कारण मी हात जोडून नको म्हटलं. मातीआड होईपर्यंतचं गुपित तिच्यासाठी होतं. त्यापुढचं सगळं माझं, आणि त्याचा मला काडीइतकाही पस्तावा नाही. तुझी तारीख ऐकून मी दिवस मोजले आणि गप्प बसायचं ठरवलं. दर सातव्या दिवशी तिचं पान मांडते आहे, आज पाचवं, म्हणजे पस्तिसावा दिवस. आजचा दिवस काय असतो हे तुला सांगायला नको. गेलेलं माणूस आज उंचावर चढून शेवटचं आपल्या लेकरांकडे वळून पाहतं. बाबांच्या वेळी आईने तुला पांढऱ्या कपड्यांत अंगणाच्या मधोमध उभं केलं होतं, त्यांना पोरगा नीट दिसावा म्हणून. आज तू हे वाचशील तेव्हा अंगात लाल रेशमी कोट असेल, हातात दारूचा प्याला, आणि चहूबाजूंनी दिवे. म्हातारीचे डोळे अधू होते खरे, पण एवढ्या उजेडात तू तिला अगदी स्वच्छ दिसशील.

एके काळची तुझीच,
सूछिन