माझ्या हातचं दही

रविवार संध्याकाळ, बालाघाट

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी मुलगा-सून नागपूरकडे थीम पार्क पाहायला निघाले, मुक्काम रिसॉर्टात. निघताना हातावर घालायला मी दह्याची वाटी आणली, तर धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, जोडपं निघून राह्यलं. तुम्ही राहू द्या, मी देतो." विधवेचा हात नको म्हणे. हे काविळीने गेले, माझ्या हाताने नाही. दही तरी मीच लावलं होतं ना? पोराने तिच्या हातून मुकाट्याने खाल्लं.

आत्ता त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पुढच्या वेळी तुलेही आणतो."

"सकाळी गप्प काहून होता?"

"जाऊ दे ना. हा स्विमिंग पूल पाहा."

पाहिला. पोहायला त्याला ह्यांनी शिकवलं, वैनगंगेत. बोलायला मी शिकवलं होतं.