आजोबांच्या नावाचं डोमेन

एर्मेक,

पहिल्या गाडीने बिश्केकला परत निघालोय. रुसून गेलो नाही, असं आईला सांग.

घर धाकट्याचं, ही आपली रीत. त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. पण डोमेनला कसली आलीय रीत? मीच म्हणालो होतो ना, "आजोबांच्या नावाचं एखादं स्वस्त डोमेन बघ, मला कायमचं हवंय." तू बघितलंस आणि स्वतःच घेऊन टाकलंस! वर काल जेवताना सगळ्यांदेखत म्हणतोस, "दादा, तुलाही देतो की त्यात एक ईमेलचा पत्ता!" बाबा कौतुकाने हसले. मला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं होतं, पाहुण्याला बसवतात तसं. आता इंटरनेटवरही मी तुझ्याकडे पाहुणाच.

सकाळी तुझा लॅपटॉप उघडा होता. पहिलं वर्ष स्वस्त म्हणून घेतलंस, शहाण्या, आणि मुदत संपत आल्याच्या तीन मेल उघडल्यासुद्धा नाहीस. गुरुवारी नाव हातचं गेलं असतं. खोटं कशाला बोलू, मी गप्पच बसणार होतो. तुझ्या हातून सुटलं की मीच घेतलं असतं.

पण मधल्यामध्ये आजोबांचं नाव कुणा परक्याने उचललं असतं तर? म्हणून माझ्या कार्डावरून दहा वर्षांची मुदत वाढवली. तुझ्याच नावावर. पैसे देऊ नकोस.

फक्त बाबा चहाला बसले की त्यांना सांग, हे थोरल्याने केलं. आणि ते कालच्यासारखे हसले का, तेवढं मला कळव.

सागिन