भनपुरीचा डोनट

रायपूर, सोमवार

ती. विनोदिनीताईस, शांताचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच. कंबर परवानगी देत नाही.) तुमचे गुडघे, तुमचा बीपी आणि तुमची ती वरच्या माळ्यावरची भांडखोर भाडेकरीण, तिघं कसे आहेत? फोनच करणार होती, पण तुम्हाले ऐकू येत नाही आणि मले ओरडवत नाही; शिवाय ज्याच्याबद्दल ओरडायचं तो माणूस बाजूच्या खोलीत पडून आहे.

तर तुमच्या भावाची तब्येत. लिव्हर गेलं. डॉक्टरनं निरंजनले सांगितलं, बाबांले घरी न्या, जे मागतील ते द्या. डॉक्टर असं बोलला की समजायचं, त्याचं काम संपलं, आता मिठाईवाल्याचं सुरू झालं. निरंजन पोरीसारखा रडला. तुमच्या भावानं बत्तीस वर्षं रेल्वेचे डबे दुरुस्त केले, जन्मभर वरण-भाताच्या पलीकडे काही मागितलं नाही, आणि आता जायच्या वक्ताले मागितलं काय, तर डोनट! नातीच्या, पिंकीच्या वाढदिवसाले आला होता तो, मैद्याचा, मधात भोक पाडलेला. मी म्हटलं, बालूशाही आणते, तिलेही मधात खड्डा असतो. तर म्हणे, नाही.

नऊ दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. (म्हणजे माझ्याही नाही, ते तुम्हाले सांगायले नको. काळ्या चहावर गाडी चालू होती.) म्हणून सारं घर डोनटमागे लागलं.

निरंजननं मोबाईलवरून मागवला. त्याच्यावर रंगीबेरंगी दाणे, जशा काही होमिओपॅथीच्या गोळ्या सांडल्या, आणि वास फ्रीजचा. तुकडा तोंडात दिला तो तसाच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी पिंकीनं मले स्कूटीवर बसवून मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्यावर मी पाय ठेवला नाही. जो जिना माणसासाठी थांबत नाही त्याचा काय भरोसा? काचेमागे डोनट असे मांडले होते जशा सोनाराकडे बांगड्या. तिथल्या पोट्टीनं विचारलं, "आंटी, ग्लेझ कौनसा?" मी म्हटलं, बाई, मरणाऱ्या माणसाच्या घशाखाली उतरेल असा दे. तिनं घाबरून गुलाबी दिला. तो टाळूले चिकटला. चमच्यानं खरवडून काढावा लागला. तिसरा आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बेकरीतला. त्याच्या तेलाच्या वासानंच त्यांले उलटी झाली.

मग निरंजनच्या ऑफिसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, भनपुरीत ट्रकवाल्यांच्या नाक्यावर एक बाई तळते, शिफ्ट सुटायच्या वेळेले जा. पिंकी कुरकुरली, "दादी, वहाँ धूल ही धूल है, दादाजी को क्या पता चलेगा?" मी म्हटलं, जीव चालला आहे त्यांचा, जीभ नाही गेली. मग तिनं स्कूटी काढली. पोहोचेपर्यंत मी पिठात घोळल्यासारखी झाली. टिनाचं छप्पर, एक कढई, आणि जवळच्या उरला गावच्या कारखान्यातले लोक काळ्या हातांनी रांगेत उभे. ती बाई कणकेची कडी तेलात सोडते, टम्म फुगली की साखरेत लोळवते. मी विचारलं, ताजा आहे ना? म्हणे, "हव दाई, गरम हे, हाथ झन जला लेबे." हात भाजून घेऊ नको म्हणते. तो वास घेत मी बाकावर बसूनच राहिली. ताई, अख्ख्या रायपुरात डोनट खायचा तर तिथे. बाकी सगळे दिसायचेच.

पाच बांधून घेतले, पदराखाली धरून गरमच घरी आणले. तुमच्या भावानं अख्खा एक खाल्ला, बोटं चाटली. तेव्हा काळजी नसावी.

तुमचीच,
शांता

ता.क. पिंकीनं पत्र वाचलं (मराठी वाचता येते तिले, बोलायचीच लाज) आणि म्हणाली, "दादी, झूठ क्यों लिखा?" तर खरं लिहिते. त्यांनी खाल्ला नाही. साखरेचे दोन दाणे जिभेवर ठेवले, कसेबसे गिळले, आणि मले म्हणाले, "झालं माझं जेवण. आता तू बस." मी बसली. चार खाल्ले. वाढदिवसाले त्यांनी नुसता वरण-भात खाल्ला, डोनटले हातही लावला नव्हता. दोन मीच खाल्ले होते, ते म्हाताऱ्यानं पाहून ठेवलं होतं.

ता.क. दुसरा. पत्र याच्यासाठी लिहून राहिली. मी नवी नवरी होती तेव्हा तुम्ही माझ्यापुढचं ताट उचललं होतं, घरधन्याच्या आधी बाईनं जेवू नये म्हणून. तेव्हापासून मी कधी त्यांच्या आधी जेवली नाही. आता मी जेवावं म्हणून ते रोज दोन वेळा साखरेचा दाणा गिळतात आणि दोन्ही वेळा ओकतात. काल रक्त आलं. मी त्यांच्या आधी जेवून पाहिलं. घास तोंडाशी जाऊन थांबतो, तुम्ही ताट उचलाल असं वाटते. तर तुमचा नियम तुम्हीच मागं घ्या. तुमच्या पोराच्या, विशालच्या, फोनवरून आम्हा दोघांले सांगा, शांतानं आधी जेवावं. तुम्हाले ऐकू येत नाही, पण बोलता तर येते. या आठवड्यातच सांगा. उशीर केला तर मी कोणाच्या आधी जेवायचं, हा सवालच राहणार नाही.