बिनमिठाचं पॉलिमर

सर, तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि आता अमरावतीच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. मला अकोल्याला फोन आला. स्मृतिग्रंथासाठी दोन पानं द्या म्हणे, तुम्ही तर सरांच्या हाताखाली घडलेल्या. घडलेल्या! मी हो म्हटलं, कागद पुढ्यात घेतला, 'ऋषितुल्य' एवढा एक शब्द लिहिला आणि माझं मलाच हसू आलं. तो कागद चुरगाळला आणि हा घेतला. ह्यात खरं तेच लिहीन.

तुमच्याकडे आले तेव्हा सोलर सेल म्हणजे छतावरची निळी पाटी, एवढंच मला ठाऊक. पेरोव्स्काईट तुम्ही दाखवलं. काचेवरचा तो काळाभोर पातळ थर. त्यावर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागे त्यांच्या रिकाम्या जागा उरतात, त्यांना आपण होल म्हणतो. इलेक्ट्रॉन एका बाजूने काढायचे, होल दुसऱ्या बाजूने. त्या दुसऱ्या बाजूचा थर हा माझा विषय. बाकीचे विकतचा माल लावायचे आणि होल भराभर जावेत म्हणून त्यात लिथियमचं मीठ टाकायचे. आता मीठ ते मीठ, पाणी ओढणारच. पाणी शिरलं की खालचा काळा थर पिवळा पडतो आणि सेल मेला. मी दोन वर्षं खपून असं पॉलिमर केलं की ज्याला मीठच नको. विजेचा आकडा जरा कमी, पण टिकेल अशी माझी खात्री होती. वजनकाट्यासमोर श्वास रोखून कसं उभं राहायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. तेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरीनं एकांगी लिहिलं.

आणि मग तो मे महिना. बाहेरच्या समितीचे पाहुणे दोन दिवसांसाठी येणार. मी काचा मांडते आहे आणि तुम्ही दारातून येता.

"आकडा किती येऊन राहिला?"

मी सांगते.

"एवढासाच? काहून वं, पाहुण्यायसमोर माझं नाक कापतं का? मीठ टाक त्याच्यात."

"सर, मिठानं हे टिकणार नाही."

"टिकते का नाही ते मंग पाहू. मले आज आकडा पाह्यजे."

टाकलं मीठ. आकडा चढला, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग त्यांना उकडतंय म्हणून तुम्ही खिडकीतला कूलर लावला. अहो, आपल्या वऱ्हाडात मेमध्ये हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ह्या कामाला याहून चांगली हवा विकत घेऊन मिळत नाही. त्या खोलीत तुम्ही कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवून दिवसभर ओली हवा सोडलीत, थेट माझ्या उघड्या काचांवर. मी बंद करायला उठले तर डोळे वटारलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या काचांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या.

मीठ मी टाकायला लावलं, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघायला हवं होतं. तुम्ही पाहुण्यांकडे वळून हसलात. "काय करावं, ह्या लोकायले बारीक काम जमतच नाही. हाताले सफाई नाही." हे लोक म्हणजे कोणते, ते पाहुण्यांना माझ्या आडनावावरून कळलं. एक जण चहाच्या कपात बघत बसला. माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात नर्स होती, तान्ह्या लेकराच्या शिरेत एका झटक्यात सुई लावायची. आणि म्हणे हाताला सफाई नाही! नंतर मी कूलरचं बोलले तर तुम्ही म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं. पॉलिमरचं अख्खं प्रकरण माझ्या थीसिसमधून काढायला लावलंत. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मी अकोल्याच्या कॉलेजात लागले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात दार-खिडक्या लावून, पंखासुद्धा बंद करून, घामाच्या धारा लागलेल्या असताना बिनमिठाच्या काचा केल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काळ्याच्या काळ्या. मग मुद्दाम कूलर आणला. त्याच्यासमोर ह्या ठेवल्या आणि शेजारी मिठाच्या. मिठाच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या. माझ्या तशाच. बंद खोलीत मी एकटीनं टाळ्या वाजवल्या सर, खरंच वाजवल्या. आता अमरावतीला जायचं आणि भर स्टाफरूममध्ये त्या तुमच्या टेबलावर आपटायच्या, असं ठरवलं. कोणती साडी नेसायची तेही ठरलं होतं. तेवढ्यात कळलं, तुम्ही अंथरुणाला खिळलात.

आणि मग तुमचाच फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"पोरी, पडल्या पडल्या तुयाच पॉलिमरचा विचार करून राहिलो. मीठ मीच टाकायले लावलं होतं. बिनमिठाचं टिकलं असतं ते. तू केलं का मंग पुन्हा?"

काचा माझ्यासमोर होत्या.

"केलं सर. नाही टिकलं."

"असं कसं? टिकायले पाह्यजे होतं."

"नाही टिकलं."

 "बरं" म्हणालात. आठवडाभरात तुम्ही गेलात. त्या दिवशी तुमचा फोन ठेवून मी जेवायला बसले होते आणि पोटभर जेवले होते.

चूक कबूल केली, पॉलिमरही टिकलं, असं समाधान घेऊन, सुटून तुम्ही मरावं, हे मला नको होतं. बस्स. आजही तुमची दया येत नाही. ग्रंथाला मी काही देणार नाही, आणि हा कागद तर कुठे पाठवायचा? पण एक सांगते. ते पॉलिमर मी अजून कुठेच छापायला दिलेलं नाही. लिहायला बसते, 'हे टिकतं' एवढं पहिलं वाक्य लिहिते, आणि तुमचं ते "बरं" ऐकू येतं. मग मी वही मिटते.