दत्तानं तोंड उघडलं न्हाई म्हणून

फलटण, मंगळवार, रात्री जेवणं झाल्यावर

डोकं फिरलंय माझं. नातू दत्ता सतरा वर्षं फौजेत कॉम्प्युटर सांभाळून आला. आज पुण्याच्या कंपनीत गेला, त्यांची कॉम्प्युटरातली गुपितं राखायची नोकरी मागायला. साहेबानं विचारलं, फौजेत काय राखत होतास? हा म्हणाला, ते सांगता येत न्हाई. तर म्हणे, मग अनुभव कसा धरायचा? पाठवला परत. आवं, गुपितं राखायला तुमाला बोलघेवडा पायजे व्हय?

जेवताना मी म्हटलं, "मला तरी सांग रं, काय राखत होतास?"

"आज्जे, भाकरी वाढ."

दर सुट्टीला हेच. मी विचारायचं आन् भाकरी वाढायची. आन् त्या साहेबाला एका दिवसात पायजे.

उद्या दुसऱ्या कंपनीत जातोय. म्हटलं, तिथं बोललास तर घरात घेणार न्हाई.